तिसरी हाक

ऑक्टोबर सरला की शेवटचे पाहुणे जातात आणि आमच्या बेटावरची दारं एकेक करून बंद होऊ लागतात. ही दारं बंद करायचं काम लेमोनियाचं. अथेन्सला गेलेल्या मुलांची घरं, परदेशी लोकांनी विकत घेऊन नुसती उन्हाळ्यापुरती ठेवलेली घरं, सगळ्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात. ती गल्लीत शिरली की आधी किल्ल्या ऐकू येतात, मग ती दिसते. ठेंगणी, काळ्या कपड्यांतली, सत्तरी ओलांडलेली बाई. चढावर मात्र तिला गाठणं मला कधी जमलं नाही. तिच्याबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. लिहिता येणारं कोणी इथे राहिलं नाही, म्हणून मी बसलो आहे.

किल्ल्यांशिवाय तिच्याकडे थोड्या शेळ्या आहेत आणि रानातल्या देवळांचे दिवे. देवळं म्हणजे एका खोलीएवढी, पांढरी, कुठल्या ना कुठल्या संताची. कोणाच्या तरी पणजोबानं नवस फेडायला बांधलेली. पणजोबांचं कूळ आता ऑस्ट्रेलियात असतं आणि दिव्यात तेल लेमोनिया घालते. या देवळांना कुलूप नसतं. बाहेरून कडी असते आणि कोयंड्यात ठोकायला एक लाकडी खुंटी. रानातून जाताना एखादं दार नुसतं लोटलेलं दिसलं तर कडी चढवायची, खुंटी मारायची आणि पुढे जायचं. नाहीतर शेळ्या आत शिरतात, मेणबत्त्या चावतात, वेदीवरचं कापड ओढून खाली आणतात. हे कोणी कोणाला शिकवत नाही. वाटेतला काटा बाजूला सारावा तसं हात आपोआप करतात. लेमोनियाचे हात तर सगळ्यांत आधी करायचे.

खाली बंदरावर थ्रासोसचं कॉफीचं दुकान आहे. हिवाळ्यात तेवढं एकच उघडं असतं. तो तिला मानानं 'क्यरा', म्हणजे बाई, म्हणायचा आणि छेडायचाही.

"क्यरा लेमोनिया, समुद्रालाही घाल की एक कडी. लाटा दुकानात येतात माझ्या."

"आधी तुझ्या तोंडाला घालते. समुद्राचं मग बघू."

लोक हसायचे, ती हसायची नाही. दारं लावून घेण्याची ही सवय नुसती शेळ्यांसाठी नव्हती हे माझ्या वयाच्या माणसांना ठाऊक होतं.

दक्षिणेचा वारा सुटला की आमच्याकडे रानातल्या हाकेला ओ देत नाहीत. हा वारा आफ्रिकेकडून येतो, आभाळ विटेसारखं तांबूस होतं, आणि घळीघळींतून माणसासारखे आवाज येतात. अशा वेळी कोणी हाक मारली तर गप्प राहायचं. दुसऱ्यांदा मारली तरी गप्प. तिसऱ्यांदा मारली तरच ते माणूस समजायचं. पहिल्या दोन हाका कोणाच्या असतील ते सांगता येत नाही. तरुण पोरं याला हसतात, पण वारा सुटल्यावर एकटी असली की तीही ओ देत नाहीत.

लेमोनियाचा नवरा स्तामातिस यानं ओ दिली होती. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. फेब्रुवारीची संध्याकाळ, दोघं जेवायला बसलेली, बाहेर हा वारा. कोणीतरी त्याचं नाव घेऊन हाक मारली. ती म्हणाली, थांब. तो म्हणाला, अगं, कोणाची तरी शेळी अडकली असेल. कंदील घेऊन बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी आम्हाला तो वरच्या शेताच्या बांधाखाली सापडला, मान मोडलेली. कोणी म्हणालं दारू प्याला होता, कोणी म्हणालं बांधाचा दगड निखळला. लेमोनियानं कोणाशी वाद घातला नाही. पण त्यानंतर ती वाऱ्याच्या दिवशी अंधारायच्या आत घरी असायची, आणि आली की कडी, मागून अडसर, खिडक्यांच्या झडपा, सगळं लावून बसायची. मूलबाळ झालं नव्हतं. घरातली एक खोली ती उन्हाळ्यात पाहुण्यांना द्यायची, तेवढीच सोबत.

ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगतो आहे त्या हिवाळ्यात, क्रूस पाण्यात टाकण्याचा जानेवारीतला सण नुकताच झाला होता, आणि बोटीतून एक बाई उतरली. पन्नाशीची, उंच, पिवळा रेनकोट, पाठीवर पिशवी. नाव बेरित, देश नॉर्वे. थ्रासोसनं मला हाक मारली, कारण मी तरुणपणी जहाजांवर होतो आणि मला कामापुरतं इंग्रजी येतं. मला तो बार्बा म्हणजे काका म्हणतो.

"बार्बा सिदेरी, विचार तिला, चुकून उतरली का?"

मी विचारलं. ती म्हणाली, नाही, मुद्दाम आले.

"आता? आता इथे काय आहे? मीसुद्धा इथे नसतो, बायको सोडत नाही म्हणून आहे."

हे मी तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, वर्षभर आईचं आजारपण काढलं, आई गेली, आता काही दिवस कोणाचं काही करायचं नाही. हे मी थ्रासोसला सांगितलं. त्यानं तिच्या कॉफीबरोबर खसखस लावलेली बिस्किटं आणून ठेवली.

राहायला जागा लेमोनियाकडेच होती. पहिले काही दिवस ती कुरकुरली. खोली थंड आहे, गादीला ओल आहे, हिवाळ्यात कोणी पाहुणं येतं का. पण एकदा सकाळी मी दूध घ्यायला गेलो तर बेरित स्वयंपाकघरात चुलीजवळ बसलेली, पायांत लेमोनियाचे लोकरीचे मोजे, आणि समोर काबुली चण्यांची आमटी. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. लेमोनिया आमच्या भाषेत बोलत होती, ती तिच्या भाषेत उत्तर देत होती, आणि दोघी मान डोलावत होत्या.

"खात नाही गं नीट," लेमोनिया मला म्हणाली. "सिदेरी, सांग तिला, आईला लेकीचे असे हाल बघवले नसते."

मी सांगितलं. बेरितनं वाटी पुढे केली, लेमोनियानं पुन्हा भरली.

बेरित रोज चालायला जायची. लेमोनियाला ते आवडत नव्हतं. तिनं मला तिच्यासमोर उभं केलं आणि सांगायला लावलं, दक्षिणेचा वारा येईल तेव्हा बाहेर पडायचं नाही. बेरित हळूच हसली. "आमच्याकडे समुद्र गोठतो," ती म्हणाली. "तुमच्या हिवाळ्याला मी हिवाळा म्हणत नाही." मी ते भाषांतर जरा मऊ करून सांगितलं. हाकांचं मात्र मी तिला सांगितलं नाही. शिकलेल्या बाईला असलं काही सांगायची मला लाज वाटली.

मग तो दिवस आला. सकाळ बरी होती, पण समुद्र न हलणारा, तेलासारखा, आणि क्षितिज तांबूस. बंदरावरच्या शिपायानं बोटी बंद असल्याची पाटी लावली. दुपारी वारा आला तो एकदम आला. झडपा आपटू लागल्या, वरून लाल माती मिसळलेला पाऊस, गाढवांना उभं राहता येईना. विजेचा खांब कुठेतरी पडला, दिवे गेले, फोनही गेले. मी घरात बसून चिंध्यांनी दाराच्या फटी बुजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थ्रासोस माझ्याकडे आला. पाऊस ओसरला होता, वारा होता.

"ती बाई तुझ्याकडे आहे का?"

"कोण?"

"परदेशी. क्यरा लेमोनियाकडे ती काल परतली नाही. क्यराला वाटलं माझ्याकडे थांबली असेल. मला वाटलं वर असेल."

फोन चालू असते तर हे रात्रीच कळलं असतं.

थ्रासोसनं तिला आदल्या सकाळी दीपगृहाच्या वाटेवर पाहिलं होतं. पिवळा रेनकोट, लांबून. दीपगृहाकडे कडा आहे, आणि कड्याखाली सरळ समुद्र. गावात उरलेले सगळे पुरुष तिकडे निघाले, दोर घेऊन. मला म्हणाले, तुझा गुडघा चालायचा नाही, तू राहा. बायका चौकात उभ्या राहून समुद्राकडे बघत होत्या. जी ती पाण्यात पिवळा रंग शोधत होती.

लेमोनिया त्यांच्यात नव्हती. ती तिच्या दारात उभी होती, किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरून, त्याचा आवाज होऊ नये म्हणून धरल्यासारखा. मी जवळ गेलो.

"सिदेरी, माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"चल तू. एकटीला जाववत नाही मला."

ती दीपगृहाच्या उलट दिशेला वळली, घळीच्या वाटेला. मी काठी घेऊन मागे. तिच्या चालीत नेहमीचा झपाटा नव्हता. थोडं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. मला वाटलं माझ्या गुडघ्यासाठी थांबते. मग लक्षात आलं की तिला पोचायचंच नव्हतं.

गाव नजरेआड झाल्यावर ती बोलली. माझ्याकडे न बघता.

"काल दुपारी मी शेळ्या आणायला गेले होते. पलीकडच्या वाड्यात होत्या. येताना पाऊस लागला. आय-थानासिसचं दार लोटलेलं होतं, कडी लोंबत होती."

आय-थानासिस म्हणजे सेंट अथानासिस, त्याचं देऊळ घळीच्या अगदी काठाला आहे.

"मी कडी चढवली. खुंटी मारली. दगडानं ठोकली, वारा होता म्हणून."

"आत बघितलं नाहीस?"

"कोण बघतं? तू बघतोस?"

मी कधीच बघितलं नव्हतं. कोणीच बघत नाही.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो. "ती दीपगृहाकडे गेली होती. थ्रासोसनं पाहिलं."

"सकाळी गेली होती. दुपारी परत फिरली असेल. तिला घळ आवडायची, तिथली फुलं दाखवायला आणायची मला." ती पुन्हा थांबली. "सिदेरी, हाक आली होती."

माझ्या मानेवर काटा आला. दिवसाउजेडी, सत्तर वर्षांच्या माणसाच्या अंगावर.

"कसली हाक?"

"माझं नाव घेऊन. खुंटी मारून चार पावलं गेले असेन. लेमोनिया. दगडाच्या पोटातून आल्यासारखी. बाईचा आवाज की पुरुषाचा, सांगता यायचं नाही. आपल्यातलं कोणी माझं नाव तसं घेत नाही. मी क्रूसाची खूण केली आणि उभी राहिले. मग दुसऱ्यांदा आली."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदाची वाट कोणी बघितली? मी पळाले. शेळ्या पुढे, मी मागे. स्तामातिसला पण नाव घेऊनच बोलावलं होतं."

मी तिला धीर द्यायला हवा होता. मी एवढंच म्हणालो, "नसेलही कोणी आत. वारा असेल."

"वाऱ्याला माझं नाव कसं ठाऊक?"

घळीत उतरलो तसा पाण्याचा आवाज वाढत गेला. एरवी तिथे नुसते गोटे असतात, उन्हाळ्यात पाहुणे तिथून चपला घालून जातात. आज लाल पाणी होतं, झाडांच्या फांद्या आणि कोणाच्या तरी कुंपणाचे खांब घेऊन चाललेलं. आणि दोन्ही काठांवर पाणी रात्री कुठवर आलं होतं त्याची चिखलाची रेघ होती. लेमोनियाची नजर त्या रेघेवरून वरच्या बाजूला गेली, पलीकडच्या देवळाकडे. रेघ देवळाच्या भिंतीवर होती. दाराच्या कोयंड्याच्या थोडी खाली.

ती खाली बसली. तिथेच, ओल्या गोट्यांवर.

"तू जा," ती म्हणाली. "तू जाऊन बघ आणि मला सांग. नको, सांगू नको."

"ऊठ, लेमोनिया."

"तिच्या पायांत माझे मोजे होते."

मी तिला हाताला धरून उठवलं. पाणी ओसरत होतं, पण गुडघ्याच्या वर होतं आणि ओढ होती. मी काठी रोवली, तिनं माझा कोट पकडला, आणि आम्ही दोन म्हातारी माणसं कशी पलीकडे गेलो ते मला आता सांगता येत नाही. मला फक्त तिची भीती वाटत होती, की ती मध्येच कोट सोडून देईल.

दाराला कडी तशीच होती. खुंटी भिजून फुगली होती. आतून काहीच आवाज नव्हता. मी "बेरित" म्हणालो, पण माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. मी खुंटीला हात लावला, तर लेमोनियानं माझा हात बाजूला केला.

"मी मारली आहे."

तिनं दगड उचलला आणि खालून वर ठोकू लागली. तिचे ठोके खुंटीवर कमी आणि बोटांवर जास्त बसत होते. अखेर खुंटी निघाली, कडी पडली. दार आत ढकलावं लागतं. ते हललं नाही, मागे चिखल साचला होता. आम्ही दोघांनी खांदे लावले. हाताएवढी फट पडली आणि आतून गार, मेणाचा आणि मातीचा वास आला. अंधार. खाली चिखल, त्यात तरंगून येऊन पडलेला दिवा, संताची तसबीर उलटी.

मग वरच्या बाजूला काहीतरी पिवळं हललं.

भिंतीला लागून म्हाताऱ्यांना बसायला उंच पाठीच्या लाकडी खुर्च्या असतात. ती खुर्चीच्या हातांवर पाय ठेवून, भिंतीला पाठ लावून, खुर्चीच्या पाठीवर हात रोवून उभी होती. अंगावर वेदीचं कापड गुंडाळलेलं. ओठ निळे, डोळे उघडे, पण आम्ही माणसं आहोत हे तिला लगेच कळलं नाही. लेमोनिया चिखलातून तिच्यापर्यंत गेली आणि तिनं बेरितचे पाय छातीशी धरले. पायांत मोजे होते. बेरित तिच्यावर कोसळली.

आम्ही तिला बाहेर उन्हात आणलं. ऊन कसलं, ढगातून आलेला उजेड. लेमोनियानं आपली शाल, माझा कोट, सगळं तिच्यावर टाकलं, तिची बोटं आपल्या काखेत धरली, तोंडानं सारखी म्हणत होती, "पोरी, माझ्या पोरी, बोल काहीतरी." माझ्याकडे राकीची, आमच्याकडच्या कडक दारूची, छोटी बाटली होती. दोन घोट गेल्यावर बेरितच्या दातांची थडथड सुरू झाली, आणि ते ऐकून मला जरा बरं वाटलं. थडथड म्हणजे अंगात जीव आहे.

बऱ्याच वेळानं ती बोलली. लेमोनियाच्या खांद्यावर डोकं ठेवूनच बोलली.

"काल कोणीतरी आलं होतं. पाऊस आला म्हणून मी आत गेले, दार लोटून घेतलं. मग गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या, शेळ्यांच्या. मग दार बाहेरून बंद झालं. कोणीतरी ठोकलं ते. मी हाक मारली. मला इथलं एकच नाव येत होतं, मी तेच घेतलं. आणि ते माणूस पळून गेलं." ती माझ्याकडे बघत होती. "इथे माझ्या वाइटावर कोण आहे? मी कोणाचं काय केलं?"

लेमोनिया वाट बघत होती. "काय म्हणते?"

मी सांगितलं.

"सांग तिला, मी होते."

मी तोंड उघडलं. मनात येत होतं, कशाला. शेळीवाला होता कोणी म्हणू, वाऱ्यानं कडी पडली म्हणू, बाई आपल्या देशाला जाईल, संपलं. लेमोनिया माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला कळलं की मी सांगणार नाही. तिनं बेरितला हळूच खांद्यावरून बाजूला केलं, तिचा हात धरला, तिला उठवून दारापाशी नेलं. बेरितचा तळहात तिनं कडीवर टेकवला. मग तोच हात उचलून आपल्या छातीवर ठेवला. पुन्हा कडीवर, पुन्हा छातीवर. तिची बोटं ठेचलेली होती, बेरितच्या मनगटाला रक्त लागलं.

बेरितला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं हात सोडवून घेतला नाही, तो नुसता जड होऊन खाली आला.

ती मला म्हणाली, "तिनं मला ऐकलं होतं?"

मी लेमोनियाला विचारलं. विचारताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

"हो म्हण," लेमोनिया म्हणाली.

"हो," मी म्हणालो. आणि मग, कोणी न विचारता, मी समजावू लागलो. इथे असा वारा सुटला की पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसऱ्या हाकेलाही नाही. तिचा नवरा असाच गेला. तिसरी हाक आली तरच.

बेरित ऐकत होती. माझं इंग्रजी मोडकं आहे, पण तिला सगळं कळलं.

"मी तीन हाका नाही मारल्या," ती म्हणाली. "मी सकाळपर्यंत मारत होते."

हे मी लेमोनियाला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

परतताना पुन्हा पाणी ओलांडायचं होतं. बेरितला आधार लागणार हे उघड होतं. मी एका बाजूला, लेमोनिया दुसऱ्या बाजूला उभी राहिली. बेरितनं एक हात मला दिला. दुसरा तिनं कोटाच्या खिशातून काढला नाही. लेमोनिया तरीही तिच्या बाजूनं चालली, हात पुढे केलेला, तिला न लावता, पाण्याची ओढ स्वतःच्या अंगावर घेत. पलीकडे गेल्यावर तिनं तो हात शालीत घेतला.

कड्यावरची माणसं परत आली, आनंदानं ओरडली, आणि मग हकीकत ऐकून गप्प झाली. लेमोनियानं ती स्वतःच सांगितली, चौकात, काही न लपवता. तिला कोणी बोल लावला नाही. थ्रासोसनं तर उलट म्हटलं, "क्यरा, मी असतो तर मीही खुंटी मारली असती." त्यानं तिला बरं वाटलं असं काही दिसलं नाही.

बेरितला ताप भरला. आमच्या बेटावर डॉक्टर नाही, आणि बोटी बंद. ती थ्रासोसच्या दुकानावरच्या खोलीत राहिली. थ्रासोसची बायको सांगायची, की ती खोलीचं दार लावू देत नाही. वारा आत येतो, सगळं गार पडतं, पण लावू देत नाही. दार लोटलं तर उठून बसते. आणि वर लेमोनियाच्या घरी उलटंच झालं होतं. संध्याकाळ झाली की ती कडी घालायला उठायची, दारापर्यंत जायची, आणि तिथे उभी राहायची. कान लावून. वारा नसला तरी. मी तिच्या घरासमोर राहतो, मला दिसायचं. काही वेळानं ती दार थोडं उघडायची, अंधारात बघायची, कोण आहे म्हणून विचारायची. कोणी नसायचं. मग पुन्हा दार लावून आत उभी.

तिनं मला रोज आमटीचं भांडं देऊन खाली पाठवलं. बेरित आमटी खायची. भांडं धुऊन परत द्यायची. निरोप दोन्हीकडून नसायचा. एकदा मीच बेरितला म्हणालो, म्हातारी झोपत नाही. ती म्हणाली, मीपण. मी भांडं घेऊन वर आलो.

समुद्र शांत झाला, पाटी उतरली, बोट आली. हिवाळ्यात लेमोनिया सहसा बंदरावर उतरत नाही, गुडघ्यांना चढ झेपत नाही असं म्हणते. त्या सकाळी ती माझ्या दारात आली, डोक्याला धुतलेला रुमाल, आणि म्हणाली, "मी लांब उभी राहीन. तिला दिसणार नाही अशी." आम्ही खाली गेलो. ती कोळ्यांच्या जाळ्यांच्या ढिगामागे उभी राहिली. तिथून ती सगळ्यांना दिसत होती.

बेरित दुकानातून बाहेर आली. थ्रासोसच्या बायकोनं तिला मिठी मारली, थ्रासोसनं पिशवी उचलू का म्हटलं, ती नाही म्हणाली. बोटीची फळी खाली आली होती, खलाशी घाई करत होता. फळीपाशी पोचल्यावर बेरितनं वळून पाहिलं आणि तिला जाळ्यांमागचा काळा रुमाल दिसला. तिनं पिशवी जमिनीवर ठेवली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, मध्ये सगळं बंदर. मला वाटलं ती येईल. लेमोनियाचा हात माझ्या बाहीवर होता, आणि मला नीट सांगता येत नाही, पण ती येईल याचीच लेमोनियाला जास्त भीती वाटत होती असं वाटलं.

खलाशी ओरडला. बेरितनं पिशवी उचलली आणि ती आत गेली.

बोट टोकामागे दिसेनाशी होईपर्यंत आम्ही थांबलो. मग चढ चढू लागलो. पहिल्यांदाच मी पुढे होतो आणि ती मागे. मधल्या वळणावर, जिथे सगळे दम खायला थांबतात, तिथे ती थांबली.

"तिनं पिशवी खाली ठेवली होती. पाहिलंस?"

"पाहिलं."

"का ठेवली असेल रे?"

मी पुष्कळ विचार केला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, त्या दिवशी देवळापाशी बघत होती तशी.

"जड असेल," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि चढू लागली.